भिंतीला पाठ

ओसाकाहून आलेली भाची बसायला आधी भिंत शोधते, हे हात्सूच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं.

जेवायला बसली की आयाको भिंतीशी. अंगणात आली की कुंपणाच्या प्रवाळी दगडांशी. मागून कुणी गेलं तर तिच्या हातातल्या काड्या वाडग्यावर थांबत, आणि तो माणूस पुढे दिसल्यावरच पुन्हा हलत. लहानपणी उन्हाळ्यात आली होती तेव्हा हीच पोर फुकुगीच्या झाडावर चढून आत्याला फळं फेकून मारायची. आता विशीची झाली होती आणि तिचं एक वाक्य ऐकायचं तर दोनदा विचारावं लागत होतं.

"अशक्तपणा आहे," तिची आई मिएको म्हणाली. "गिरणीतून सध्या सुट्टी घेतलीय."

"इथं उकाडा फार," हात्सूचा भाऊ इसामू म्हणाला आणि पंख्याचं तोंड स्वतःकडे वळवून पेपर वाचत राहिला.

हात्सूनं पुढे विचारलं नाही. न विचारण्याची या घराला जुनी सवय होती. बेटावरची अमेरिकनांशी लढाई संपल्यावर बाबा कैद्यांच्या छावणीतून एकटेच परत आले, तेव्हा हात्सू चौदा वर्षांची होती. आईचं काय झालं, सेइतोकूदादाचं काय झालं, हे तिनं विचारलं नाही आणि बाबांनी सांगितलं नाही. इसामू त्याआधीच शाळेच्या मुलांबरोबर बोटीनं जपानच्या मुख्य भूमीवर गेला होता, तो तिकडचाच झाला. परतल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बाबांनी हात्सूला जळालेल्या अंगणात उभं केलं. थोरल्या मुलाला द्यायचं राखून ठेवलेलं सगळं त्यांनी त्या दिवसापासून मुलीला द्यायला घेतलं, कारण घ्यायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं. लोक त्याला कराटे म्हणत. बाबा नुसतं 'हात' म्हणायचे. "आज हात केलास का?" एवढंच त्यांचं रोजचं बोलणं.

बाबा गेल्यानंतर आखाडा तिनंच चालू ठेवला. शूरीच्या उतारावरचं हे घर, त्यापुढची फळ्यांची जमीन, आत देवघराच्या कपाटात पितरांच्या नावांच्या लाल पाट्या. पहाटे पाट्यांपुढे पाणी, मग हात, मग चहा. चहा एकटीचा. रोजचं जगणं इतकं आखीव होतं की आपण कुणाशी बोललोच नाही, हे तिला कधी कधी दुपारी बाजारात भाव विचारताना घशातून घोगरा आवाज आला की कळायचं.

आणि आता आई आणि सेइतोकूदादाचं तेहतिसावं वर्ष आलं होतं. बेटावर त्या वर्षी घरोघरी तेच चाललं होतं, कारण घरोघरची माणसं एकाच उन्हाळ्यात गेली होती. तेहतिसाव्याला शेवटचा विधी करतात. त्यानंतर गेलेला माणूस माणूस राहत नाही, देव होतो. म्हणून त्या दिवशी रडायचं नसतं. भाताच्या वड्यासुद्धा लाल रंगाच्या करतात.

विधीच्या आदल्या सकाळी हात्सू अंगणात आली तर आयाको कुंपणाशी बसलेली. घरातली बाकीची अजून उठली नव्हती.

हात्सू तिच्या शेजारी जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "उभी राहा. भिंत सोडू नकोस."

"मला ते येत नाही, आत्या."

"येत असतं तर मी कशाला सांगितलं असतं? ऊठ."

आयाको उठली.

"बाबांचा हा पहिला प्रकार. यात पुढे जायचंच नसतं. मागेही नाही. पाठीशी भिंत आहे असं धरायचं आणि बाजूला सरकायचं. खेकड्यासारखं."

"खेकड्यासारखं?" पोरीच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"हसतेस काय! गुडघे वाकव. अजून. घोड्यावर बसल्यासारखी. आता डावा पाय उजव्याच्या पुढून टाक. पाय आपटू नकोस गं, शेजारी झोपलेत."

दोघी भिंतीच्या कडेनं सरकत गेल्या आणि परत आल्या. आयाकोच्या मांड्या थरथरायला लागल्या, कपाळावर घाम आला. हात्सूनं तिच्या खांद्यावर हात ठेवायच्या आधी विचारलं, "ठेवू?" आयाकोनं तिच्याकडे पाहिलं. गेल्या कित्येक दिवसांत तिला हे कुणी विचारलं नसावं. तिनं मान हलवली.

"आता श्वास सोड. आवाजासकट. पोटातून."

आयाकोनं तोंड उघडलं. घसा हलताना दिसला, पण आवाज आला नाही. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा नाही. मग ती भिंतीला घसटत खाली बसली.

"तेव्हाही असंच झालं होतं," ती म्हणाली.

हात्सू तिच्याशेजारी बसली. समोर नाही, शेजारी.

"पुलाखालून येत होते. रात्रपाळी नव्हती, तिन्हीसांजेलाच. मागून आला. तोंड दाबलं नव्हतं त्यानं, आत्या. मला ओरडता आलं असतं. वर सायकलवाले चालले होते. मी नुसती उभी राहिले. कुणीतरी घंटी वाजवली म्हणून तो पळाला, मी काही केलं म्हणून नाही." ती नखानं दगडातली माती उकरत होती. "बाबा म्हणाले, ओरडली का नाहीस? आई म्हणाली, कुणाला सांगू नकोस. मी रोज तेच शोधते. का नाही ओरडले मी?"

"कुणी शिकवलं नव्हतं म्हणून."

"ओरडायला काय शिकवायचं?"

"लोकांना वाटतं आवाज आपोआप येतो. नाही येत. ठोसा शिकावा लागतो तसा तोही शिकावा लागतो. माझ्याकडे मासळीवाल्या बायका येतात. अख्ख्या बाजारात ज्यांचा आवाज ऐकू जातो, त्यांच्याही तोंडून पहिले कित्येक दिवस नुसती हवा निघते."

आयाकोनं नखातली माती झटकली. मग म्हणाली, "तुझ्यावर कधी आली अशी वेळ?"

हात्सूनं ही गोष्ट आजवर कुणाला सांगितली नव्हती. बाबांना माहीत होती, आणि बाबा गेले होते.

"तुझ्याएवढीच होते. तळावरचे अमेरिकन शिपाई गल्लीत यायचे. त्यासाठी आम्ही नाक्यावर गॅसचं रिकामं नळकांडं टांगलं होतं, घंटा म्हणून. मी विहिरीवर होते. एकानं मनगट धरलं. बाबांनी शिकवलेलं सगळं विसरले बघ. एकच आठवलं, की पकड अंगठ्यापाशी कच्ची असते. दे हात."

तिनं आयाकोचं मनगट धरलं. "ओढू नकोस. ओढाओढीत तो जिंकणार. मनगट फिरव, माझ्या अंगठ्याच्या बाजूला. हं. आणि आता कंबरेसकट वळ."

मनगट सुटलं. आयाको सुटलेल्या हाताकडे बघत राहिली.

"मग? मारलंस त्याला?"

"कोपर लागलं कुठंतरी. बघायला कोण थांबलं? जी धावत सुटले ती थेट घंटेपाशी. बाबांना वाटलं असेल, एवढं शिकवून पोरगी पळाली. घरी आल्यावर मान खाली घालून उभी राहिले. तर म्हणाले, 'परत आलीस ना? मग झालं. हात त्यासाठीच असतो.'"

"मग भीती गेली?"

"नाही. पण दुसऱ्या दिवशी पाणी आणायला पुन्हा त्याच विहिरीवर गेले. ते मात्र हातामुळे. हात आला म्हणून कुणी तुला धरणारच नाही असं नाही, आयाको. पण आपलं अंग आपलं ऐकतं, हे एकदा कळलं की माणूस घराबाहेर पडू शकतो."

आयाको उठली. भिंतीला पाठ लावून तिनं पुन्हा गुडघे वाकवले आणि तोंडातून बारीकसा आवाज काढला.

"कोंबडीचं पिल्लू," हात्सू म्हणाली.

पुढचा आवाज थोडा मोठा होता. आत स्वयंपाकघराचं दार सरकलं.

"आयाको!" मिएको दारात उभी होती. "आत ये."

नंतर तोफू तळताना मिएको अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, राग मानू नका. तुम्ही मायेनंच करताय. पण तिचं लग्नाचं बघायचंय. ओसाकात बेटावरची म्हटलं की आधीच नाकं मुरडतात. त्यात हात असे झाले तर..." तिची नजर हात्सूच्या बोटांच्या पेरांवर गेली, तिथं वर्षानुवर्षांचे घट्टे होते.

हात्सूनं हात तोफूच्या फडक्याखाली घेतले. "झारा दे," ती म्हणाली.

विधीच्या दिवशी घर माणसांनी भरलं. असं भरलेलं घर बघायची हात्सूला सवय नव्हती. आपल्याच घरात कुठं उभं राहावं हे तिला कळेना. काका आले, बाबांचे धाकटे भाऊ, घराण्यातले आता सर्वांत थोर. काठी टेकत आले, पण उंबऱ्यात काठी बाजूला ठेवून ताठ आत शिरले. मागून कामादो काकू, हातात थरांचे डबे. त्यांचा मुलगा सेइजून, बायकोसह. सेइजूनचा पेट्रोल पंप होता, आणि तो आला की आधी डब्यात काय आहे ते बघायचा.

काळ्या उदबत्त्या लागल्या. मांसाचे तुकडे, समुद्रशेवाळाच्या गाठी, लाल वड्या पाट्यांपुढे मांडल्या गेल्या. सेइतोकूदादाची हाडं मिळालीच नव्हती. जिथं शेवटची लढाई झाली त्या दक्षिणेच्या कड्यावरून बाबांनी एक दगड उचलून आणला होता, तोच थडग्यात ठेवलेला. काकांनी हात जोडून त्या दोघांना सांगितलं, की आजपासून तुम्ही मोठे झालात, आता आमच्यावर लक्ष ठेवा. कामादो काकूंचे डोळे भरून आले तर काकांनी दटावलं, "आज नाही." हात्सूला रडू आलं नाही. तेहतीस वर्षं ती रोज सकाळी दादाशी बोलत आली होती. देवाशी असं बोलता येत असेल का, हेच तिच्या मनात चाललं होतं.

जेवणं झाली, आवामोरी दारूचे पेले फिरले. मग काकांनी घसा खाकरला.

"शेवटचा विधी झाला. आता पाट्यांचं ठरवू. इतके दिवस चाललं, कारण तुमच्या बाबांची, माझ्या थोरल्या दादाची इच्छा. पण पाट्या मुलीच्या हातात राहत नाहीत. मुलाकडे जातात."

"मुलगा मीच ना?" इसामू पेला खाली ठेवत म्हणाला. "मी सांगतो, ताईकडे आहेत, ताईकडेच राहू देत. तिनं सगळं केलंय. माझी काही तक्रार नाही."

हात्सूनं भावाकडे पाहिलं. याआधी त्यानं कधी आपली बाजू घेतल्याचं तिला आठवत नव्हतं.

"तुझी नसेल," काका म्हणाले. "पितरांची आहे. तुझी पोर आजारी आहे म्हणे?"

इसामूनं झटकन मिएकोकडे पाहिलं.

"मी काकूंना फोनवर नुसतं बोलले," मिएको पुटपुटली. "बरं नाही एवढंच."

"मला राहवलं नाही रे," कामादो काकू पुढे सरकल्या. "मी देवऋषिणीकडे गेले. तिला मी काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं. तरी बाई म्हणाली, पाट्या चुकीच्या हातात आहेत, पितर तहानलेले आहेत, म्हणून घरातल्या तरण्या पोरीला धरलंय. काटा आला अंगावर."

"असलं काही मी मानत नाही," इसामू म्हणाला. पण आवाज पूर्वीचा नव्हता.

"मानू नकोस. पोरगी बरी व्हायला हवी की नको?"

मिएकोनं इसामूच्या बाहीला हात लावला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि त्या बघण्यात हात्सूला दिसलं की तिचा भाऊ हातातून निसटला.

"ताई," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्यावर माझा आरोप नाही. पण मिएको रात्र रात्र जागते. तसं काही असेल... नसेलही... पण असेल तर..."

"सेइजूनचा धाकटा मुलगा या घराला दत्तक देऊ," काका म्हणाले. "पाट्या त्यांच्याकडे जातील. बाहेरचा आखाड्याच्या नावाचा फळाही त्यांच्याबरोबर. हात्सू, तू सेवा केलीस, कुणी नाही म्हणत नाही. पण त्या हातानं तुला दिलं काय? नवरा नाही, मूल नाही. मुलीची पाटी त्या कपाटात बसत नाही, तुला ठाऊक आहे. उद्या तू गेलीस की तुझी पाटी कुठं ठेवायची, याचं उत्तर माझ्याकडेसुद्धा नाही."

ते त्यांनी टाकून म्हटलं नव्हतं. त्यामुळे जास्त लागलं. हात्सूनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि दुपारी बाजारात व्हायचं तसंच झालं, नुसता घोगरा आवाज निघाला.

"मला पितरांनी धरलेलं नाही."

सगळ्यांच्या माना वळल्या. आयाको कोपऱ्यातून उठली होती.

"आयाको, खाली बस," इसामू म्हणाला.

"पितरांनी नाही धरलं."

"गप्प बस म्हणतो ना!"

"मला माणसानं धरलं, बाबा!" तिचा आवाज एकदम फुटला, घरभर झाला, अंगणातून पलीकडे गेला. सेइजूनच्या काड्यांतला मांसाचा तुकडा ताटलीत पडला. "पुलाखाली. मागून. तुम्हाला माहीत आहे, आईला माहीत आहे. यात आत्याचा काय संबंध? आजीचा काय संबंध? तिला तहान लागली म्हणून ती मला धरेल का?"

ती कोपऱ्यापासून दूर, चटयांच्या मधोमध उभी होती. तिच्या मागे सेइजूनची बायको बसली होती. आयाकोला ते ठाऊक होतं आणि तरी ती वळून बघत नव्हती, हे फक्त हात्सूला कळलं.

"काका-आजोबा, तुम्ही विचारलंत, हातानं आत्याला काय दिलं. मला नाही माहीत. मला काल सकाळी तिनं दिलं ते सांगते. महिनोन्महिने मी एकटी बाहेर पडले नाही. आज सकाळी नाक्यापर्यंत जाऊन मीठ घेऊन आले. एकटी. तुम्ही जे जेवलात ना, त्यात तेच मीठ आहे."

काकांनी हातातला पेला अगदी हळू खाली ठेवला.

"माझ्या पोरीला असं..." कामादो काकू म्हणाल्या आणि थांबल्या. "आणि मी देवऋषिणीकडे धावत गेले... जळलं माझं तोंड."

मिएको उठली. ती नवऱ्याच्या शेजारून मुलीपाशी गेली आणि तिच्या पायाशी बसली. "मीच सांगितलं होतं, बोलू नकोस म्हणून," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तिचं नाव खराब होईल म्हणून. ताई, काल मी तिला तुमच्यापासून ओढून नेलं."

इसामूनं चेहरा दोन्ही हातांनी पुसला. मग काकांकडे वळला. "पाट्या इथंच राहतील, काका. मी थोरल्या घरातला मुलगा आहे. माझं ऐकलं पाहिजे."

"ऐकतो," काका म्हणाले. त्यांचा ताठपणा गेला होता, एकाएकी ते फार म्हातारे दिसले. "देवऋषिणीचं सोड. ते चुकलं. पोरी, माझं चुकलं. पण इसामू, हात्सूनंतर कोण? तू येणार ओसाकाहून रोज पाणी ठेवायला? तिकडे आडनावसुद्धा बदलून घेतलंस, बेटावरचं वाटू नये म्हणून. तुझ्या दारावर लिहिलेल्या नावात तुझ्या आईनं तुला शोधायचं कसं? मी हात्सूशी भांडत नाही रे. मी मेल्यावर कोण भांडणार, याची मला काळजी आहे."

पंखा इकडून तिकडे फिरत राहिला.

हात्सू उठली आणि देवघराच्या कपाटापाशी गेली. आता सगळे आपल्या बाजूचे झाले आहेत हे तिला कळत होतं. भाऊ, वहिनी, काकूसुद्धा. ती फक्त नाही म्हणाली असती तर पाट्या तिच्या होत्या. ती त्या लाल पाट्यांकडे बघत राहिली. दादा, आई, बाबा. आपण एके दिवशी पहाटे उठणार नाही, आणि मग यांच्यापुढे पेला कोरडाच राहील. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. कुणाला कळणारसुद्धा नाही.

"काकांचं बरोबर आहे," ती म्हणाली.

"ताई!"

"मला त्यांची सोबत हवी म्हणून मी त्यांना ठेवून घ्यायचं, आणि माझ्यामागे ते बेवारस? तसं नको." तिचा आवाज आता साफ होता. "सेइजून, घेऊन जा. आईला चहा कडक लागतो. दादाला काहीही गोड चालतं. बाबांना नुसतं पाणी, पण पहाटेचं. उशीर झाला की ते बोलत नाहीत, पण कळतं."

सेइजूननं मान डोलावली. त्याच्या बायकोनं डोळ्याला पदर लावावा तशी बाही लावली.

"पण फळा नाही," हात्सू म्हणाली. "बाहेरचा फळा जिथं लोकांचा घाम गळतो तिथंच राहील."

काका काही म्हणायच्या आत सेइजून घाईनं बोलला, "आबा, फळा घेऊन मी काय करू? मला गुडघे वाकवायला सांगितलं तर पोट आडवं येतं."

कामादो काकू हसल्या. मग मिएको हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. आज रडायचं नसतं, हे या वेळी काकांनी कुणाला सांगितलं नाही.

पाट्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून गेल्या. इसामूनं जाण्याआधी सांगितलं की घर त्याच्या नावावर असलं तरी ते ताईचंच, आणि ती म्हणेल तोवर तिथं कुणी खिळाही ठोकणार नाही. तो असं सरळ बोलायला शिकला याचंच हात्सूला नवल वाटलं. बंदरावर आयाको तिला म्हणाली, "आत्या, तू पण चल ना आमच्याबरोबर."

"तिकडे येऊन काय करू? तुमच्या दोन खोल्यांत खेकडा कुठं सरकणार?"

"बाबांनी आखाडा शोधलाय. कामावरून येताना मला सोडायला येणार म्हणतायत."

"नुसता सोडायला नको म्हणावं. त्यालाही वाकव गुडघे."

आयाको बोटीच्या शिडीवरून चढली. मागून सामान घेतलेली माणसं चढत होती, ढकलत होती. ती एकदा थबकली, खांदे आवळले, आणि पुन्हा चढत राहिली. बोट दूर होईपर्यंत हात्सू उभी होती. मग बस पकडून घरी आली. "आले गं," असं ती सवयीनं म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला आठवलं. कपाटात जिथं पाट्या होत्या तिथलं लाकूड बाकीच्यापेक्षा उजळ होतं. तिनं पाण्याचा पेला हातात घेतला, काय करावं ते सुचेना, शेवटी ते पाणी स्वतःच प्याली.

संध्याकाळी बायका आल्या. मासळीवाली त्सुरू, इस्पितळातली नर्स, शाळेत कारकून असलेली, तिची जाऊ, आणि आणखी दोघी. रांगेत उभ्या राहिल्या आणि नेहमीसारखं नमस्कारासाठी आत, कपाटाकडे तोंड केलं. मग घुटमळल्या.

"बाई," त्सुरू म्हणाली, "आता नमस्कार कुणाला करायचा?"

हात्सूनं रिकाम्या कपाटाकडे पाहिलं. "एकमेकींना," ती म्हणाली. "समोरासमोर उभ्या राहा."

पाय घासत, हसत, एकमेकींना ढकलत त्या जोड्यांनी उभ्या राहिल्या. सगळ्या बरोबर जुळल्या. हात्सूच्या समोर कुणी उरलं नाही. बायका वाकल्या, आणि हात्सूही वाकली, समोरच्या मोकळ्या फळ्यांकडे तोंड करून. फळ्यांवर दारातून आलेलं ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हात तिला एकाएकी ते सगळं दिसलं: उद्याची सकाळ, परवाची, त्यानंतरची, समोर कुणी नसलेली.

ती ताठ झाली. कुणाकडे काही मागायची तिला सवय नव्हती. बाबांकडेसुद्धा तिनं कधी काही मागितलं नव्हतं.

"रोज तुमच्यातल्या एकीनं माझ्यासमोर यायचं," ती म्हणाली. आवाज जरा घोगरा आला, म्हणून ती पुन्हा म्हणाली, "कुणीतरी यायचं."

हा हुकूम होता की काय होतं, ते बायकांना कळेना. त्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मग त्सुरू आपल्या जोडीदारणीला म्हणाली, "तू थांब गं जरा," आणि मासळीचा वास घेऊन फळ्या ओलांडत हात्सूच्या समोर येऊन उभी राहिली.

दोघी वाकल्या. त्सुरू खूप वेळ वाकून राहिली. मग हात्सूनंही घाई केली नाही.